मिठागरावरच्या तोफा

१

निळे जिंकले, पण टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत.

आदल्या दिवशी त्यांनी पहिला डाव जिंकला, तेव्हा हॉल दणाणून गेला होता. आज दुसरा डावही तसाच संपला आणि लाल गटाचे अधिकारी एकमेकांची तोंडं बघत राहिले. एकदा हरलं तर माणूस नशिबाला बोल लावतो. दोनदा असं हरलं की तो शेजाऱ्याकडे संशयाने बघायला लागतो.

लढाई अर्थात खरी नव्हती. सैन्याच्या अभ्यास केंद्रातल्या त्या हॉलमध्ये एक भलंमोठं टेबल होतं. टेबलावर किनारपट्टीचा नकाशा अंथरलेला आणि नकाशावर जाड काच. एवढा मोठा नकाशा एकच, म्हणून तो दोघांनी आळीपाळीने वापरायचा. सकाळी लाल गट, म्हणजे खेळातला शत्रू, तिथे जमून कुठे हल्ला करायचा ते ठरवी. मग लाकडी सोंगट्या कपाटात बंद होत आणि ठरलेला बेत पंचांच्या हवाली होई. दुपारी निळा गट, म्हणजे आपली बाजू, त्याच टेबलाशी येऊन बचावाची मांडणी करी. संध्याकाळी पंच दोन्ही बेत शेजारीशेजारी मांडून निकाल देत. मोबाइल दाराबाहेरच्या पेटीत ठेवायचे आणि आतला चिटोराही बाहेर न्यायचा नाही, असा कडक नियम होता.

खेळ खोटा असला तरी त्यावरून ठरणार होतं ते अगदी खरं. एका कंपनीने शत्रूच्या चालींचा अंदाज बांधणारं संगणकयंत्र तयार केलं होतं. शत्रू कुठे येणार हे आधीच कळणार असेल, तर किनाऱ्यावर जागोजागी दारूगोळ्याची कोठारं आणि दुरुस्तीच्या कार्यशाळा कशाला पोसायच्या, असा सवाल धोरण समितीत उठला होता. सगळं एका मोठ्या कोठारात आणावं, बाकीची बंद करावीत आणि यंत्र सांगेल तिथे फौज धाडावी. हा विचार पारखून बघायला हा खेळ मांडला होता. निळ्यांना यंत्र दिलं होतं, लालांना फक्त त्यांची डोकी.

पंच होत्या बाई. कर्नल म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी नवख्या अधिकाऱ्यांना नकाशा वाचायला शिकवण्यात घालवली होती. त्यामुळे खांद्यावर कितीही तारे असलेला माणूस समोर आला तरी तो त्यांना ‘बाई’च म्हणे, आणि म्हणताना नकळत ताठ उभा राही.

बाई टेबलापाशी एकट्याच उरल्या होत्या. त्यांच्यासमोर दोन्ही बेत होते. लालांनी चार ठिकाणी घाव घालायचा ठरवला होता: बंदराजवळचं वीजकेंद्र, समुद्राखालची केबल किनाऱ्याला लागते ती जागा, नदीवरचा पूल आणि रेल्वेखालची एक छोटीशी मोरी. निळ्यांच्या तोफा वीजकेंद्रापाशी होत्या, केबलपाशी होत्या, पुलापाशी होत्या. मोरी तेवढी त्यांच्या हातून निसटली होती. आणि चौथी तुकडी त्यांनी उभी केली होती नकाशाच्या कोपऱ्यातल्या मिठागरावर.

मिठागरावर राखण्यासारखं काय होतं? मीठ.

कालच्या डावात लालांचा बेत वेगळा होता. तरी कालही निळ्यांची एक तुकडी मिठागरावरच होती.

“बाई, जरा माझ्या खोलीत येता?” दारातून संचालकांचा आवाज आला. ते या केंद्राचे प्रमुख, जनरलच्या हुद्द्याचे, आणि एके काळी बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारे.

खोलीत गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. “लालांचा बेत फुटतोय, बाई. आणि कोणी फोडला तेही मला ठाऊक आहे.”

“कोणी?”

“लालांची कॅप्टन. निळ्यांचा मेजर तिचा सख्खा भाऊ आहे.”

२

“पुरावा?” बाईंनी विचारलं.

“आज जेवणाच्या सुट्टीत दोघं अंगणात, झाडाखाली, हळू आवाजात बोलत होती. चार जणांनी पाहिलं. मी दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघंही म्हणतात, घरगुती बोलत होतो.”

“भाऊ-बहीण घरगुती बोलतात रे कधीकधी.”

संचालक हसले नाहीत. “बाई, उद्या तिसरा डाव. उद्या संध्याकाळी माझा अहवाल समितीकडे जाईल. त्याच्यासोबत तिच्यावरच्या चौकशीचा आदेशही. तिची नोकरी जाईल, कदाचित नोकरीवर भागणारही नाही. मलाही ते गोड वाटत नाही. तुम्हाला दुसरं काही दिसत असेल तर उद्या संध्याकाळच्या आत दाखवा.”

कॅप्टन पाहुण्यांच्या खोलीत बसली होती. डोळे कोरडे होते, पण नाकाचा शेंडा लाल होता. बाईंना बघून ती उठली.

“बस गं. चहा घेतलास?”

“नको, बाई.”

“मी घेणार आहे. मग तुलाही घ्यावा लागेल. एकट्याने चहा पिणं मला जमत नाही.”

चहा आला. बाईंनी घाई केली नाही. कप अर्धा झाल्यावर म्हणाल्या, “दादाशी काय बोलत होतीस?”

“आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तिला कोणाच्या घरी ठेवायचं त्यावरून. दादा म्हणतो, माझ्याकडे, वहिनी बघेल. आई म्हणते, मी कोणाकडेच जाणार नाही. मी म्हटलं, तिला विचारू नकोस, सरळ घेऊन ये.” ती थांबली. “बाई, मला संशयाचं एवढं वाईट नाही वाटलं. साहेबांनी दादाला विचारलं, तुमच्या बहिणीची खात्री देता का? तर तो म्हणाला, सर, अशा बाबतीत मी कोणाचीच खात्री देऊ शकत नाही. कोणाचीच! मी काय कोणीही आहे का?”

“नियमाने बोलला बिचारा.”

“नियमानेच बोलतो तो. लहानपणी पतंग उडवतानासुद्धा नियमाने बोलायचा.”

बाईंना हसू आलं. त्यांनी विषय बदलला. “ती मोरी कोणाला सुचली?”

कॅप्टनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच तरतरी आली. भिंतीवर किनारपट्टीचा एक लहान नकाशा टांगलेला होता. ती उठून त्याच्यापाशी गेली. “मला. आमच्या गटात कोणाला पटत नव्हती. एवढीशी मोरी, ती उडवून काय मिळणार म्हणून हसले सगळे. पण बघा ना, कोठारं बंद झाली तर सगळा माल या एकाच रुळावरून जाणार आणि रूळ इथून जाणार.” तिने हातातली पेन्सिल उलटी धरून मागच्या टोकाने ती जागा दाखवली. टोक कागदापासून नखभर दूर होतं. “मी शेवटपर्यंत हट्ट धरला, तेव्हा ब्रिगेडियरसाहेब म्हणाले, बरं, तुझी मोरी घे.”

“पेन्सिल छान धरतेस.”

“तुम्हीच ओरडायचात ना? नकाशाला बोट लावलं की वर्गाबाहेर!”

“ओरडायचे खरी,” बाई म्हणाल्या, आणि कप खाली ठेवता ठेवता त्यांचा हात मध्येच थांबला. पण का थांबला ते त्यांचं त्यांनाही अजून नीट कळलं नव्हतं.

३

मेजर म्हणजे निळ्यांचा प्रमुख. तो खुर्चीवर असा बसला होता की जणू कोणी फोटो काढणार आहे.

“बेत मी आखला नाही, बाई,” तो म्हणाला. “आम्हाला हुकूमच तसा होता. यंत्र जागा सांगणार, आम्ही तिथे तोफा लावणार. यंत्राची परीक्षा आहे, आमची नाही.”

“मिठागरावर तोफा लावताना हात नाही थरथरला?”

“थरथरला ना! मी यंत्राच्या सल्लागारांना विचारलं, अहो, तिथे आहे काय? ते म्हणाले, यंत्र माणसासारखा विचार करत नाही. त्याला असं काही दिसतं जे आपल्या डोळ्यांना दिसत नाही. समितीचे पाहुणे मागे उभे होते. त्यांनी माना डोलावल्या. मग मी गप्प बसलो.”

“आणि मोरी?”

मेजरने कपाळावर हात मारला. “ती गेली नसती तर आम्ही निर्भेळ जिंकलो असतो. त्या मोरीवर पहारा ठेवायचं आमच्या कोणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही.”

बाईंनी ते मनात टिपून ठेवलं. “बहिणीला फार लागलंय तुझं बोलणं.”

तो जरा वाकला. फोटोची बैठक मोडली. “मी ‘देतो खात्री’ म्हटलं असतं, तर साहेब म्हणाले असते, भाऊच तो, दुसरं काय म्हणणार. माझ्या शब्दाला तिथे किंमत नव्हती, बाई. उलट तिचंच नुकसान झालं असतं.”

“हे तिला सांगितलंस?”

“ती ऐकायला थांबली तर ना!”

सल्लागार शेवटी आले. यंत्र तयार करणाऱ्या कंपनीचे ते माणूस. चाळिशीच्या आतबाहेरचे, नम्र आणि फार थकलेले. बोलता बोलता ते चष्मा काढत, खिशातल्या मऊ फडक्याने पुसत आणि उजेडाकडे धरून बघत. बाईंशी बोलताना तो त्यांनी दोनदा पुसला.

“तुमचं यंत्र अंदाज बांधतं कशावरून?”

“जुन्या लढायांवरून, रस्त्यांवरून, भरतीओहोटीवरून. सगळी माहिती आधी भरलेली असते. दुपारी मी फक्त त्या दिवसाची परिस्थिती भरतो.”

“परिस्थिती म्हणजे?”

“हवामान, वाऱ्याची दिशा वगैरे. मी इतरांच्या जरा आधी हॉलमध्ये येतो. टेबलावरच्या छताला आमचा प्रोजेक्टर लावलाय ना, तो नकाशाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. उत्तर त्यातूनच थेट काचेवर पडतं.” ते हसले. “मॅडम, लोकांना वाटतं ही जादू आहे. जादू नाही. मेहनत आहे.”

“मेहनत दिसतेच आहे तुमच्या डोळ्यांखाली,” बाई आपुलकीने म्हणाल्या. “झोपता की नाही?”

सल्लागारांनी चष्मा तिसऱ्यांदा पुसला.

ते गेल्यावर बाईंनी तिघांचं बोलणं मनाशी पुन्हा आठवून पाहिलं. तिघांपैकी कोणीही खोटं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. पण कोणीतरी एक जण खोटं बोललं होतं, आणि उद्या त्यासाठी एक मुलगी आयुष्यातून उठणार होती.

४

सकाळी लालांचे ब्रिगेडियर बाईंना भेटायला आले. दारातूनच त्यांचा आवाज आला, “बाई, वर्गात यायला उशीर झाला, उभा राहू का बाहेर?”

“गुडघ्याचं काय ते आधी सांग, मग ठरवू.”

“गुडघा म्हणतो, मी कधीच निवृत्त झालोय, तू कर नोकरी.” ते लंगडत आत आले. बसण्याआधी त्यांनी खोलीतल्या काचेच्या टेबलावर डाव्या हाताचा पंजा ठेवून सगळा भार त्यावर टाकला. “मला आता पोरं तीन पायांचा ब्रिगेडियर म्हणतात. दोन हे, आणि तिसरा हा हात. मागून म्हणतात, पण मला ऐकू येतं.”

“उभ्याने कशाला बोलतोस? बस की.”

“उठबस केली की जास्त दुखतं. त्यापेक्षा असं टेकून उभं राहिलेलं बरं. हॉलमध्येही मी असाच उभा असतो.” मग त्यांचा आवाज बदलला. “बाई, ती पोरगी तसली नाही. माझ्या गटात एवढी डोकेबाज दुसरी कोणी नाही. बाकीचे आपले टेबलाभोवती दाटी करून हे की ते, हे की ते, म्हणून भांडतात. ती गप्प उभी असते आणि शेवटी एकच वाक्य बोलते. तिला वाचवा. नाहीतर मीच राजीनामा देतो.”

“राजीनामा दे, पण उद्या. आज तुझं काम आहे.”

ब्रिगेडियर गेले. खिडकीतून कोवळं ऊन तिरकं होऊन टेबलावर आलं होतं. बाई उठल्या, आणि उठता उठता खाली वाकून काचेकडे बघतच राहिल्या. मग त्या हळूच पुन्हा बसल्या. डोळे काचेच्या पातळीला आणले आणि शाळकरी पोर मुंगी बघतं तसं एकटक बघत राहिल्या.

थोड्या वेळाने त्या हॉलकडे निघाल्या. लाल गट अजून यायचा होता. हॉलची देखभाल करणारा हवालदार बादली आणि फडकं घेऊन खिडक्या पुसत होता.

“हवालदार, या टेबलाची काच कधी पुसता?”

“संध्याकाळी, बाई. सगळे गेल्यावर.”

“फक्त संध्याकाळी?”

“पहिल्या दिवशी दुपारीही पुसायला गेलो होतो. लाल गट उठला होता, एक हात फिरवणार होतो. पण ते सल्लागारसाहेब म्हणाले, दुपारी नको. वर त्यांचं मशीन लावलंय ना, टेबलाला धक्का लागला तर माप बिघडतं म्हणे. म्हटलं, बरं. कामच कमी झालं.” त्याला अचानक काळजी वाटली. “काही चुकलं का माझं?”

“तुमचं काहीच चुकलं नाही. आजही तसंच करा. दुपारी पुसू नका.”

मग बाईंनी एक गंमतच केली. ब्रिगेडियरांची नेहमीची जागा टेबलाच्या ज्या अंगाला होती, तिथे त्यांनी दोन जड खुर्च्या आणि सोंगट्यांचं कपाट हवालदाराकडून सरकवून घेतलं. तिथे आता मांजरसुद्धा उभं राहू शकलं नसतं. लाल गट आला तेव्हा त्या म्हणाल्या, “आज सगळ्यांनी पलीकडच्या बाजूने उभं राहायचं. आणि दुसरं. आज नकाशावर कोणी बोट टेकवायचं नाही. माझा वर्ग समजा. दाखवायचं असेल तर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने, आणि तेही वरच्यावर.”

“बाई, हा कसला नवा नियम?” ब्रिगेडियर म्हणाले. पलीकडे जाऊन त्यांनी सवयीने डावा पंजा काचेच्या कोपऱ्यावर टेकवला आणि हुश्श केलं.

बाईंनी त्या पंजाकडे पाहिलं. पंजा त्यांनी तसाच राहू दिला.

५

दुपारी निळे जमले. संचालक स्वतः आले, समितीचे पाहुणेही आले. बाईंनी लाल गटालाही मागच्या बाकांवर बसायला बोलावलं होतं. कॅप्टन अगदी टोकाला बसली होती आणि भावाकडे बघत नव्हती.

सल्लागार नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आले होते. त्यांनी यंत्र चालू केलं. प्रोजेक्टरचा प्रकाश काचेवर पडला आणि चार लाल ठिपके एकामागून एक उमटले. पहिला टेलिफोन केंद्रावर. दुसरा विमानतळावर. तिसरा नदीच्या मुखाशी. आणि चौथा नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘बकरटेकडी’.

मेजरने घसा खाकरला. “सल्लागारसाहेब, त्या टेकडीवर काय आहे?”

“यंत्राला काहीतरी दिसलं असणार.”

“माझी तिथे वर्षभर नेमणूक होती. तिथे शेळ्या आहेत.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. संचालकांनी वळून पाहिलं तेव्हा हसू थांबलं. “आज मिठागर नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही, सर,” मेजर म्हणाला. “आज यंत्राला मिठागर नको आहे.”

“यंत्राला नको आहे, कारण आज ब्रिगेडियर तिथे उभे नव्हते,” बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी आवाज जराही चढवला नव्हता. त्या संचालकांना म्हणाल्या, “ये इकडे. खाली वाक. अजून थोडं. डोळे काचेच्या पातळीला आण आणि खिडकीकडे बघ.”

देशाच्या सैन्याचा एक जनरल समितीच्या पाहुण्यांसमोर गुडघ्यांत वाकला. दुपारचं ऊन काचेवर तिरपं पडलं होतं. “काच आहे,” ते म्हणाले. मग म्हणाले, “थांबा.” आणि मग ते आणखी खाली वाकले. “हा हात आहे.”

६

“हो, हात आहे,” बाई म्हणाल्या. “अख्खा पंजा. ब्रिगेडियरांचा, बकरटेकडीवर.

“आता पहिल्यापासून सांगते. काल मला दोन गोष्टींनी सतावलं. पहिली मिठागर. कोणी निळ्यांना लालांचा बेत तोंडाने सांगितला असता, तर त्यात मिठागर आलंच नसतं. लालांनी मिठागराचं नावही घेतलं नव्हतं. मग निळे दोन्ही दिवस तिथे का गेले? दुसरी गोष्ट मोरी. ती लालांच्या बेतात होती, पण निळ्यांना तिचा पत्ताच नव्हता. मोरी कोणाची कल्पना? कॅप्टनची. बेत तिने फोडला असता, तर भावाला तिने सगळं सांगून स्वतःची मोरी तेवढी लपवली असती का? म्हणजे ज्याने बेत चोरला त्याने तो ऐकला नाही. त्याने तो पाहिला. आणि पाहिला तोही अर्धवट. बेतात नसलेलं त्याला दिसलं आणि असलेलं दिसलं नाही.”

त्यांनी टेबलावर नजर फिरवली. “लालांची मंडळी भांडतात. जिथे भांडण जास्त, तिथे बोटं जास्त. वीजकेंद्रावर दहा वेळा बोट आपटायचं, पुलावर आपटायचं, केबलवर आपटायचं. प्रत्येक बोटाचा घाम काचेवर राहतो. समोरून दिसत नाही. दुपारी ऊन तिरकं आलं की लख्ख दिसतो. सगळ्यांत मोठा डाग कुठे? जिथे आमचे तीन पायांचे ब्रिगेडियर दोन दोन तास पंजा टेकून उभे राहतात तिथे. काचेखाली काय येतं? मिठागर.”

ब्रिगेडियरांनी आपल्या डाव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो परक्याचा हात आहे.

“आणि मोरी?” संचालकांनी विचारलं. पण उत्तर त्यांनाच सुचलं असावं, कारण त्यांची नजर मागच्या बाकाकडे, कॅप्टनच्या हातातल्या पेन्सिलीकडे गेली होती.

“मोरी जिने दाखवली तिने काचेला बोट लावलं नाही. बाकी सगळे वर्गात शिकलेलं विसरले. ती नाही विसरली.”

बाई सल्लागारांकडे वळल्या. “दुपारी काच पुसू नका असं हवालदाराला तुम्ही सांगितलंत. सगळ्यांच्या आधी इथे तुम्ही येता. डाग पाहायचे आणि परिस्थिती म्हणून यंत्रात भरायचे. मिठागर भरताना तुम्हीही बिचकला असाल. पण पाहुण्यांनी त्याचंच कौतुक केलं, म्हणून आज शेळ्यांची टेकडी भरायचं धाडस झालं. आज काचेवर दुसरा डागच नव्हता. उरलेले तीन ठिपके यंत्राचे स्वतःचे आहेत ना?”

त्यांनी लालांचा त्या दिवशीचा बेत उघडला आणि संचालकांपुढे धरला. तिन्ही ठिपके चुकले होते.

सल्लागारांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरला. “ते अजून शिकतंय,” ते हळूच म्हणाले. “अजून वेळ मिळाला असता तर जमलं असतं. कंपनी म्हणाली, आत्ता नाही तर कधीच नाही. पहिल्या दिवशी सहज नजर गेली काचेवर. वाटलं, एकदाच करू. मला कोणाला अडकवायचं नव्हतं. कॅप्टनबाईंचं नाव आलं तेव्हा मी रात्रभर… ”

“तरी बोलला नाहीत,” कॅप्टन म्हणाली.

“नाही बोललो.” ते मान खाली घालून उभे राहिले. संचालकांनी खूण केली तेव्हा ते आपण होऊन दाराकडे चालू लागले.

“यंत्रावर राग धरू नकोस,” बाई संचालकांना म्हणाल्या. “शिकणाऱ्याला वेळ द्यावा, मी जन्मभर तेच केलं. पण जे अजून शिकतंय त्याच्या भरवशावर कोठारांना कुलूप लावायचं नसतं. आणि एक लक्षात ठेव. हा डाग आपल्याच माणसाने वाचला, म्हणून नुसता खेळच बिघडला. खऱ्या शत्रूलाही डोळे असतात. आपण कुलपं मोजतो, मोबाइल पेटीत टाकतो आणि हात मात्र सगळीकडे टेकवत फिरतो.”

संचालकांनी खिशातून चौकशीचा आदेश काढला, त्याचे चार तुकडे केले आणि मग कॅप्टनसमोर जाऊन उभे राहिले. त्यांना माफी मागायची सवय नव्हती, ते दिसतच होतं. “चुकलो,” एवढंच ते म्हणाले. समितीकडे जाणारा अहवाल त्यांनी थांबवला. हवालदाराने काच स्वच्छ पुसली आणि डाव पहिल्यापासून मांडायचं ठरलं.

निळे टेबलाभोवती जमले. मेजर पुढे झाला. “सर, मला वाटतं आपण सुरुवात या मोरीपासून करावी. कोठार एकच ठेवलं आणि ही मोरी गेली, तर सगळी फौज उपाशी. हे मला माझ्या… हे मला कॅप्टनच्या बेतावरून कळलं.” त्याने मोरी दाखवायला बोट पुढे केलं. बोट काचेपासून केसभर अंतरावर थांबलं. तो मागे वळला.

“छोटे, पेन्सिल दे गं.”

“सगळ्यांसमोर छोटे म्हणायचं नाही.”

“बरं. कॅप्टन, पेन्सिल द्या.”

ती जागेवरून उठली. राग अजून पुरता गेला नव्हता, गेला असता तर ती एवढी सावकाश आली नसती. “आईला कधी आणतोस?”

“रविवारी. तिला न विचारता.”

तिने पेन्सिल पुढे केली, उलटी, मागचं टोक नकाशाकडे करून.